इयरफोनचा एकच कान आधी का जातो? वायरवाला आणि डबीवाला, दोन्हींचं आयुष्य किती धरायचं?

भुसावळ_अपडाऊन

नमस्कार मंडळी. कानात घालायचे इयरफोन किती टिकायला हवेत, याचा काही हिशेब आहे का? वापर रोज पाचेक तास. जाता-येता रेल्वेत गाणी, मधूनमधून फोन. काम एमआयडीसीतल्या शेडमध्ये, त्यामुळे घाम ठरलेला.

सध्या दोन जोड आहेत. एक वायरवाला, ३.५ मिमीची पिन, माइकसकट, सात महिन्यांचा. डावा कान येतो-जातो, पिनेजवळ वायर दाबून धरली की येतो. घाम आला की गाणं आपोआप थांबतं, कधी आवाज आपोआप चढतो. दुसरा बिनवायरचा, डबीवाला, दीड वर्षाचा. डावा साडेतीन तास चालतो, उजवा तासाभरात मान टाकतो. खोक्यावर पाच तास लिहिलेलं आहे.

माल हलका आहे की वापरण्यात चूक आहे? दुरुस्त काय होईल, फेकायचं काय? नवा घ्यायचा तर दीड हजारात कुठला प्रकार घ्यावा? ब्रँडची नावं नकोत, काय बघून घ्यायचं ते सांगा.

कथील_धुळे

भाऊ, वायर जठे वाकस तठेच तुटस. तुमचा डावा कान मेलेला नाही, पिनेच्या मानेजवळ तार तुटली आहे. दाबल्यावर तुटलेली टोकं टेकतात म्हणून आवाज येतो.

आतली तार म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या धाग्यांचा पीळ. प्रत्येक धाग्यावर इनॅमलचा लेप असतो, मोटार रिवाइंडिंगच्या तारेवर असतो तसाच, फक्त फार पातळ. ताण सहन व्हावा म्हणून मधे नायलॉनचा किंवा अरामिडचा दोरा घालतात. एकाच जागी वारंवार वाकलं की तांबं थकतं आणि धागे एकेक करून तुटतात. शेवटचे दोन-चार उरले की खरखर सुरू होते. वरचं रबर मात्र शाबूत दिसतं, म्हणून लोकांना वाटतं की स्पीकरच गेला.

हे तुटणं तीन ठिकाणी होतं. पिनेची मान, वायरचे दोन फाटे होतात तो जोड, आणि कानातल्या तुकड्यात वायर शिरते ती जागा. पहिली सगळ्यात जास्त, कारण फोन खिशात उलटा-सुलटा बसतो आणि वायर पिनेपाशी काटकोनात मुडपते. फोनला वायर गच्च गुंडाळायची सवय असेल तर सात महिने हे आयुष्य कमी नाही, उलट बरंच म्हणायचं.

खात्री करायला मल्टिमीटर २०० ओमवर लावा. माइकवाल्या पिनेवर चार पट्ट्या असतात. हल्लीच्या बहुतेक फोनच्या रचनेत टोक डावा, पहिली कडी उजवा, दुसरी कडी ग्राउंड (म्हणजे सगळ्यांची सामाईक परतीची तार) आणि मुळाची पट्टी माइक. लाल-काळी सळई टोक आणि दुसऱ्या कडीला लावा, मग पहिली कडी आणि दुसरी कडी. १६ ओमच्या इयरफोनला १६ च्या आसपास, ३२ वाल्याला ३२ च्या आसपास आकडा यायला हवा, किंचित कमी आला तरी चालेल. सळई टेकताना कानात हलकी टक ऐकू येते, ती आली की स्पीकर जिवंत. मीटर नुसतं १ किंवा ओएल दाखवत असेल तर तार तुटली आहे. शून्य-दोन ओम आले तर आत कुठेतरी दोन तारा चिकटल्या आहेत. मीटर लावलेलं असतानाच वायर वरपासून खालपर्यंत बोटभर अंतराने वाकवत जा. आकडा जिथे उडतो तिथे तुटलं.

हे करण्याआधी फोनचं भोक बघा. खिशातला कापूस तळाशी दाबून बसतो, पिन पूर्ण आत जात नाही आणि हीच लक्षणं दिसतात. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळू उकरा. सुई घालू नका, आतल्या पत्र्याच्या पट्ट्या वाकतात.

गाणं आपोआप थांबण्याचं कारण वेगळं आहे. वायरवरच्या बटणाच्या डबीत घाम शिरलाय. ती बटणं म्हणजे माइकची लाइन आणि ग्राउंड यांच्यामध्ये ठेवलेले वेगवेगळे रोध. अँड्रॉइडच्या ठरलेल्या मोजमापात ० ओम म्हणजे चालू-बंद, २४० ओम म्हणजे आवाज वाढव, ४७० ओम म्हणजे कमी कर. खारट घामाचा थर मधे आला की फोनला वाटतं कुणी बटण दाबलं. डबी नखाने उघडत असेल तर उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. चिकटवलेली असेल तर तशीच बंद डबी सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. तांदळात ठेवू नका, ओलावा नीट ओढला जात नाही आणि पीठ मात्र जाळीत बसतं.

सेलवाला_जळगाव

कथीलभाऊंनी वायरचं सांगितलं, मी डबीवाल्याचं सांगतो. बिनवायरच्या इयरफोनला विकत घेतानाच मुदत लागलेली असते, आणि ती मुदत आतल्या सेलची असते. स्पीकर चांगला, ब्लूटूथ चांगलं, आणि सेल गेला म्हणून सगळंच फेकायचं.

एका कानात साधारण ३० ते ६० एमएएचचा लिथियम सेल असतो. फोनमध्ये पाच हजाराचा असतो, त्याच्या शंभराव्या भागाएवढा. अशा सेलकडून ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर (एक चक्र म्हणजे एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरणं) मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास अपेक्षा ठेवायची, त्यापुढे घसरण वाढते. आता तुमचा हिशेब मांडा. रोज पाच तास आणि सेल पाच तासांचा, म्हणजे रोज एक चक्र. ५०० चक्रं दीड वर्षाच्या आतच संपली. तोच इयरफोन रोज दोन तास वापरणाऱ्याला तीन वर्षांच्या पुढे जातो. डावा पाचाचे साडेतीन तास देतोय, हे वयाला धरून आहे. त्यात दोष काही नाही.

उजव्याचा तासभर मात्र वयाला धरून नाही. दोघे सोबत जन्मले, सोबत चालले, मग एकाचीच एवढी घसरण का? पहिला संशय सेलवर घेऊ नका, चार्जिंगच्या टोकांवर घ्या. डबीच्या तळाशी स्प्रिंगवाल्या पिना असतात आणि कानातल्या तुकड्यावर सोनेरी ठिपके. घामाचं मीठ आणि मळ त्यावर बसतो. तुकडा डबीत बसलेला दिसतो, पण चार्ज अर्धवट होतो. कधी तर डबीत गेल्याचं त्याला कळतच नाही, फोनला चिकटून राहतो आणि डबीतच रिकामा होतो. कानकाडीच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ठिपके पुसा, पिना पुसा, पिन आत दाबून परत वर येते का बघा. अत्तर, सॅनिटायझर, थिनर यातलं काही नको. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, ते चिकट थर सोडतं. मग जोडणी फोनमधून पुसून टाका, माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे रीसेट करा आणि दोन्ही १०० टक्के करून मोजा. नॉइज कॅन्सलिंग बंद, आवाज निम्मा, दोन्ही कानात, घड्याळ लावून.

दुसरं कारण सवयीचं. फोनवर बोलायला कायम उजवाच एकटा वापरत असाल तर त्याची चक्रं जास्त झाली, आणि माइक चालू असताना सेल जास्त खर्ची पडतो. आलटून-पालटून वापरा.

आता आपल्या भागाचं. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बनवणारेच सांगतात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीतला पाराच तिथे जाऊन टेकतो. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत तर त्याहून बरंच जास्त. भर उन्हात डबी डिकीत टाकली, तर आतले तुकडे १०० टक्के भरलेले आणि वरून तापलेले. सेलला याहून वाईट अवस्था नाही. चार्ज जितका जास्त आणि उष्णता जितकी जास्त, तितका सेल नुसता पडून राहूनही म्हातारा होतो. मार्च ते जून डबीचं चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे करा, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी करू नका. उलट टोकही वाईट. चार-सहा महिने कपाटात रिकामी ठेवलेली डबी परत जागी होत नाही, कारण सेल खोल उतरतो आणि संरक्षण सर्किट त्याला तोडून टाकतं. ठेवायचीच असेल तर निम्मी भरून ठेवा आणि दोन महिन्यांनी एकदा बघा.

अमळनेरची

आवाज एका बाजूने कमी झाला की माझ्या मते सगळ्यात आधी एक फुकटची परीक्षा करावी. डावा तुकडा उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घालून बघा. कमी आवाज इयरफोनच्या तुकड्याबरोबर गेला तर दोष इयरफोनचा. त्याच कानात राहिला तर मळ तुमच्या कानात आहे. कानातला मळ आपला आपण बाहेर सरकत असतो, रोज पाच तास बूच बसवलं की तो अडतो आणि आत ढकलला जातो. अशा वेळी काडी घालू नये, कान-नाक-घसावाल्यांकडे जावं.

दोष इयरफोनचा निघाला आणि आवाज बंद नसून दबका असेल, विशेषतः स, श, च सारखे धारदार उच्चार बोथट वाटत असतील, तर नळीच्या तोंडावरची जाळी तुंबली आहे. रबरी टोपी काढून ऐका. टोपीशिवाय मोकळा वाटला तर मळ टोपीतच होता. टोप्या कोमट साबणपाण्यात धुवाव्यात, रात्रभर वाळवून मगच चढवाव्यात. ओल्या चढवल्या की तेच पाणी जाळीवर जाऊन बसतं. जाळी साफ करताना तोंड खाली धरून मऊ, कोरड्या टूथब्रशने झाडायची, म्हणजे सुटलेला मळ खाली पडतो. मळ कडक असेल तर ब्रश अल्कोहोलने जेमतेम ओलसर करायचा, थेंब गळेल इतका नाही. टाचणीने जाळी टोचली की ती फाटते किंवा आत जाऊन पडद्याला लागते. आणि गॅरेजमधल्या हवेच्या नळीने फुंकर मारणाऱ्यांना हात जोडून विनंती, आतला पडदा पातळ प्लास्टिकचा असतो, तो त्या दाबाने एका झटक्यात चुरगळतो.

अंगावर आणखी एक बारीक भोक असतं, हवा बाहेर जायला. ते घामाने किंवा धुळीने बुजलं की कानात घालताना आत चुरचुर-कटकट आवाज येतो आणि आवाजाचा भारदस्तपणा जातो. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा राहत नाही म्हणून. ते भोकही ब्रशनेच, वरवर.

फोमच्या टोप्यांना अल्कोहोल लावू नका, त्या धुतल्याही फार जात नाहीत. दाबल्यावर हळूहळू फुगायच्या बंद झाल्या की बदलायच्या, रोजच्या वापरात दोन-तीन महिन्यांत ती वेळ येते.

नंदुरबारी

मिरचीच्या हंगामात पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, काम करणाऱ्यांनी रबरी टोप्या खिशात मोकळ्या ठेवू नयेत, झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. इयरफोनला काही होत नाही, कानाला होतं. पुढे लिहायची गरज नाही.

धुळीचं थोडं. खोक्यावर आयपीएक्स४, आयपीएक्स५ असं लिहिलेलं असतं, त्यातला एक्स म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही. चार म्हणजे चहूबाजूंचे शिंतोडे, पाच म्हणजे पाण्याची धार, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही चाचणी साध्या पाण्यात होते, घाम खारट असतो आणि मीठ धातू खातं. शिवाय हा आकडा बहुतेक वेळा कानातल्या तुकड्याचाच असतो, डबीचा नाही. ओले तुकडे डबीत टाकले की पिना सडायला सुरुवात. पुसून, पाच मिनिटं मोकळे ठेवून मग डबीत. जिनिंगमध्ये किंवा डाळ मिलमध्ये काम असेल तर पाच किंवा सहाने सुरू होणारा आकडा बघा, जसं आयपी५५. लेथवर काम असेल तर आणखी एक भानगड. स्पीकरमधलं चुंबक लोखंडाचा कीस ओढतं, कीस पडद्याला टेकतो आणि ठरावीक सुरावर भणभण येते. ती साफ होत नाही. तिथे कानात काही न घातलेलंच बरं, मशीनचा आवाजही ऐकू यायला हवा.

भुसावळ_अपडाऊन

सगळ्यांचे आभार. केलं ते असं.

वायरवाला : टोक ते दुसरी कडी, सरळ असताना १, पिनेची मान दाबल्यावर १५.८. पहिली कडी ते दुसरी कडी कायम १५.६. मान सोडून बाकी वायर वाकवली तर आकडा हलत नाही.

डबीवाला : उजव्याच्या ठिपक्यावर हिरवट थर होता, पुसला, रीसेट केलं. आता उजवा सव्वादोन तास, डावा साडेतीनच. फोनवर बोलायला कायम उजवाच वापरला जातो हेही खरं.

पिन बदलून मिळते का? आणि सेल?

कथील_धुळे

रीडिंग सुरेख दिलंत. पिनेची मानच. नवा चार पट्ट्यांचा प्लग ५० रुपयांच्या आत मिळतो. काटकोनी घ्या, खिशात कमी मुडपतो.

जुन्या पिनेपासून तीन सेंटिमीटर वायर कापून टाका, फक्त टोकाशी कापलं तर थकलेलं तांबं तसंच राहतं. प्लगचं टोपण आणि हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळते ती) आधी वायरवर ओवा. हे विसरून शेवटी सगळं परत सोडवणारे निम्मे असतात. बाहेरचं रबर १२ मिमी सोला. बहुतेक वेळा लाल उजवा, हिरवी किंवा निळी डावा, तांब्याच्या रंगाची ग्राउंड. माइकची तार वेगळ्या रंगाची. पण स्वस्त मालात रंगांचा भरवसा नाही, सोल्डर करण्याआधी मीटरने ओळख पटवा. ग्राउंड दोन तारांत आलेली असेल तर दोन्ही एकत्र पिळा.

इनॅमल गेल्याशिवाय सोल्डर चिकटत नाही, इथेच बहुतेकांचं काम फसतं. सोल्डरिंग आयर्न ३८० अंशांच्या आसपास, त्याच्या टोकावर रोझिनवाल्या ६०/४० सोल्डरचा थेंब, आणि तारेचं टोक त्या थेंबात तीन-चार सेकंद. धूर निघून तार चकाकली की झालं. चाकूने खरवडाल तर धागेच कापले जातील. मधला दोरा कापून टाकू नका, प्लगच्या क्लिपमध्ये अडकवून ठेवा, ओढ त्याच्यावर यायला हवी, सोल्डरवर नाही. प्लगच्या टोकावर आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवलंत तर पट्ट्यांमधलं प्लास्टिक वितळून पिनच वाकडी होते. वाया गेलेल्या जुन्या पिनेत खोचून सोल्डर करत बसू नका, ती साच्यात ओतलेली असते. टोपण बंद करण्याआधी पुन्हा मीटर. डावा-उजवा १६ च्या जवळ, आणि दोन्ही मिळून टोक ते पहिली कडी ३१-३२.

बटणाची डबी साफ होत नसेल तर माइकची तार जोडूच नका. चार पट्ट्यांच्या प्लगमध्ये माइकची पट्टी ग्राउंडला जोडली, किंवा तीन पट्ट्यांचा साधा प्लग लावला, की गाणी निर्वेध चालतात, फोनवर बोलायला फोनचाच माइक.

सेलवाला_जळगाव

उजव्याचा उलगडा झाला. तास ते सव्वादोन हा फरक मळाचा, सव्वादोन ते साडेतीन हा एकट्याने केलेल्या ड्यूटीचा.

सेल बदलता येतो, पण सरसकट करा असं म्हणणार नाही. गोल पोलादी सेलवर चार आकडे असतात. १२५४ म्हणजे १२ मिमी व्यास आणि ५.४ मिमी जाडी. नवा त्याच मापाचा, रिचार्ज होणारा लिथियम, पत्र्याच्या पट्ट्या कारखान्यातच वेल्ड केलेला घ्यायचा. घड्याळातला सीआर सेल दिसायला तसाच, पण तो चार्ज करायचा नसतो, फुटतो. सेलच्या अंगावर थेट सोल्डर करू नये, आतला पडदा वितळतो, पट्टीच्या टोकाला करावं. इयरफोन डिंकाने चिकटवलेला असतो, हेअर ड्रायरने हळूहळू गरम करून उघडावा लागतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसला आणि सेलला लागला तर तो तिथेच पेटतो. उघडल्यावर पाण्याचा बंदोबस्त संपला, तो आयपी आकडा पुसलेला समजा. बदलायचे तर दोन्ही एकदम, नाहीतर परत हीच तक्रार. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये विचारताना जुन्या सेलचा फोटो आणि आकडा दाखवा, नुसतं मॉडेल सांगून उपयोग नाही. आणि सेलवर भारतीय मानक आयएस १६०४६ चा आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा.

डबीचं झाकण नीट बसत नाहीसं झालं किंवा मधला सांधा उघडला तर आतला सेल फुगलाय. त्या दिवसापासून चार्जिंग बंद, दाबून झाकण लावायचं नाही, घरच्या कचऱ्यातही टाकायचा नाही.

अमळनेरची

नव्यासाठी दीड हजारात मी वायर सुटी होणारा वायरवाला घेईन. वायर गेली की वायर बदला, तुकडे तेच. जोड दोन प्रकारचे येतात. दोन काड्यांवाला ०.७८ मिमीचा, सरळ घालायचा आणि सरळ काढायचा, तिरपा ओढला की काडी वाकते. दुसरा एमएमसीएक्स, गोल फिरणारा. तो सुमारे ५०० वेळा काढ-घाल धरून बनवलेला असतो आणि सतत फिरवला की सैल होऊन खरखरतो. उगाच काढत-घालत बसू नये. अशा इयरफोनची एक बाजू गेली तर डावी-उजवी वायर अदलाबदल करून बघा, दोष वायरबरोबर फिरला तर फक्त वायर घ्यायची. घामाने पारदर्शक वायर आतून हिरवी पडते, ते तांब्याचं गंजणं आहे, आवाजात लगेच फरक पडत नाही, घाबरू नका.

भुसावळ_अपडाऊन

फोनला ३.५ मिमीचं भोक आहे, तेव्हा सुटी वायरवालाच बघतो. ताई, वायर गुंडाळायची कशी?

अमळनेरची

चार बोटांभोवती सैल वेटोळी, गाठ नाही, पीळ नाही. आणि काढताना वायर धरून नाही, पिनेचं टोपण धरून. शर्टाला क्लिप लावली की रेल्वेत धक्का बसला तरी ओढ क्लिपवर येते, कानाजवळच्या जोडावर नाही.

कथील_धुळे

यूएसबी-सी पिनेचा, म्हणजे चार्जिंगच्या भोकात लागणारा, घेऊ नका, एवढंच जोडतो. त्याच्या प्लगमध्येच छोटी चिप असते, मान तुटली की ५० रुपयांच्या प्लगने भागत नाही. जुन्याचा प्लग बदलून झाला की रीडिंग टाका.